पोटातलं कुणापाशी?

शकू, तू गेलीस त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, मी तुझं नाव काढून टाकलं.

तुला घरातून नेलं. मागं राहिलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या आणि मी उठून चपला घातल्या. तुझ्या जावेला वाटलं, मी बाहेर जाऊन रडणार. मी सरळ बाजारातून चालत आपल्या संस्थेच्या हापिसात आले. आपल्या कामावरची मनीषा कुलूप उघडून पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. मी कॉम्प्युटर लावला तशी ती घाबरून आत आली.

"बाई, मयताच्या घरून आलाव. अंघोळ तरी करा आधी. कशाला हात लावायलाव?"

"शकूचाच नियम हाय," मी म्हणाले.

तिला पटलं नाही, पण तुझं नाव घेतल्यावर आपल्याकडं कुणी वाद घालत नाही. नियम तू स्वतः लिहिला होतास. संस्थेतून माणूस कसाही गेला, तरी त्याची किल्ली त्याच दिवशी काढायची. त्या 'कसाही'वर मी तेव्हा हसले होते. किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हे. संस्थेची सगळी माहिती क्लाउडवर, ती ज्याच्या त्याच्या नावानं उघडते, आणि तुझ्या नावानं तर सगळंच उघडायचं. तुझा फोन घरी उशाशी चालू होता आणि घरात त्या दिवशी गाव लोटलं होतं. मी तुझ्या नावावर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं. मग घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग काय ते रडले.

चार दिवसांनी तुझ्या नवऱ्यानं मला विचारलंच. "बाई, एवढी कसली घाई होती? राख तरी गार होऊ द्यायची." मी कारण सांगितलं. ऐकता ऐकता त्याला एकदम हसू आलं. म्हणाला, "ती असती तर म्हणली असती, बाईनं उशीरच केला." मग आम्ही दोघंही हसलो, आणि तुझी जाऊ आमच्याकडं बघतच राहिली.

काल तुझं तेरावं झालं. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले, पण जितकं चांगलं बोलले तितकी ती बाई मला अनोळखी वाटायला लागली. मनमिळाऊ होती म्हणे. तू आणि मनमिळाऊ! धर्मापुरीहून लग्न होऊन पाटोद्यात आलीस, कॉम्प्युटरचा क्लास काढलास, आणि पहिल्याच महिन्यात घरमालक, वीज मंडळ आणि शेजारचा झेरॉक्सवाला अशा तिघांशीही भांडलीस. मी शाळेतून निवृत्त होऊन संस्थेचा कारभार बघायला आले तेव्हा तू समन्वयक होऊन बसलेली होतीस, आणि मला पहिलं वाक्य बोललीस ते हे, की बाई, तुमचा पासवर्ड तुमच्या लेकाचं नाव आहे, तो आत्ताच्या आत्ता बदला. मला असा राग आला होता! तो तुझ्याबद्दलचा माझा पहिला राग. पुढं त्यांची गणती ठेवली नाही.

क्लाउड हा शब्द तू विश्वस्तांच्या बैठकीत पहिल्यांदा काढलास तेव्हा हशा झाला होता. आण्णा म्हणाले, "आपल्याकडचा ढग कधी कुणाच्या कामाला आलाय का बाई? येतो, बगतो, अन् निगून जातो." आण्णा आपले अध्यक्ष. त्यांच्या जागेत संस्था उभी, त्यांच्या शब्दावर तालुक्यातले निम्मे सरपंच उठतात-बसतात, त्यामुळं ते हसले की सगळे हसतात. तू हसली नाहीस. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या आरोग्य तपासणीच्या फायली, वाळवीनं चाळणी केलेल्या, तू त्यांच्यापुढं टेबलावर मांडल्यास. वाळवी फरशीवर पडायला लागली तसे आण्णांनी पाय वर घेतले.

"मंग ठेवा ढगात," ते म्हणाले. "अन् मंग सांभाळायचं काम त्या कंपनीचं. आपण सुटलो."

"सुटलो कसं?" तू म्हणालीस. "कंपनी कुलूप देती आण्णा. किल्ली आपण कुणाकुणाला वाटली ते कंपनीला कशाला ठावं? जो वाटंल, जिम्मा त्याचा."

कागदोपत्री त्याला उत्तरदायित्व म्हणतात हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत माणूस पळून जाईल. तेव्हापासून आपल्या तक्त्यात रकाना 'जिम्मा कुणाचा' असाच आहे.

मग पुण्याहून शिकवायला एक साहेब आले. चांगला माणूस होता, आपल्या हातच्या तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं ताटात काही टाकलं नाही. त्यानं माहितीचे चार कप्पे शिकवले. सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. वस्त्यांवर फिरणाऱ्या आपल्या पोरींनी ते पाठ केले आणि कामाला लागल्या. आठवड्यानं तू उघडून बघितलंस तर झेंडावंदनाचे फोटो गोपनीय. डिझेलच्या पावत्या गोपनीय. शिबिराला मांडव घालणाऱ्याचा फोन नंबर अतिगोपनीय, कारण तो मनीषाचा मामा होता. गोपनीय म्हटलं की कामाला वजन येतं, असं त्यांना वाटायचं. तू कपाळाला हात लावून हसत होतीस, आणि त्या हसण्याच्या नादात आपल्या दोघींच्याही नजरेतून ती एक गोष्ट सुटली.

डॉक्टरणीच्या कागदावर छापलेलं असायचं, 'अंतर्गत तपासणी'. मनीषानं ते कागद 'अंतर्गत' कप्प्यात ठेवले. दुसरं करणार काय ती? शब्दाला शब्द जुळला. पण साहेबांच्या भाषेत अंतर्गत म्हणजे संस्थेच्या आतलं, आणि तो कप्पा सगळ्या कर्मचाऱ्यांना उघडा होता, विश्वस्तांनाही. बाईच्या आतलं आणि हापिसाच्या आतलं असं एकाच शब्दानं एकाच कप्प्यात जाऊन पडलं. मला तर आजही मनीषाचं चुकलं असं म्हणवत नाही.

आण्णांनी ते आपल्या फोनवर पाहिलं आणि बैठकीत वाचून दाखवलं. वाईट हेतू नव्हता, उलट ते खुशीत होते, संस्थेनं केवढं काम केलं म्हणून. एका वस्तीवरच्या बायांची नावं ते एकामागून एक वाचत गेले, कुणाची गर्भपिशवी काढलीय, कुणाला काय त्रास. त्यांच्या शेजारी ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा एक मुकादम बसला होता, दुसऱ्याच कामासाठी आलेला. टोळी भरताना असली बाई मोळी उचलणार नाही म्हणून मुकादम त्या नवरा-बायकोच्या जोडीलाच नको म्हणतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो मुकादम मान न हलवता ऐकत होता.

तू उठलीस. "आण्णा, फोन द्या हिकडं," म्हणालीस, आणि त्यांच्या हातातून घेतलासुद्धा. अध्यक्षांच्या हातातून कुणी काही काढून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता तुझी नोकरी गेली आणि तुझ्या मागोमाग माझीही.

पुढच्या बैठकीत विश्वस्तांनी विचारलं, चूक कुणाची? मनीषा दाराशी उभी होती. तू म्हणालीस, "तिनं शब्द जसा वाचला तसा वापरला. शब्द द्यायचा जिम्मा माझा होता. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." आणि त्यांनी लिहिलं. तुझ्या नावावर ठपका आहे, शकू, रीतसर, संस्थेच्या इतिवृत्तात. काल तेराव्याला कुणी त्याचा उल्लेख केला नाही. मला उठून तोच वाचून दाखवावासा वाटत होता. तुझ्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा मला त्याचा अभिमान आहे.

तेवढ्यावर तू थांबली असतीस तर तू तू नव्हतीस. ज्यांची नावं वाचली गेली त्या बाया तेव्हा कृष्णेकाठी उसाच्या फडात होत्या. तू जीप काढायला लावलीस आणि मलाही कोंबलंस. बाईमाणसाची माहिती आपल्याकडून फुटली, तर तिला आपण तोंडानं सांगायचं, असा तुझा हट्ट. मी रस्ताभर भांडले. "त्यांना कळलंच न्हाई शकू. न कळलेलं कावून सांगायचं? उगं घोर लावायचा."

"कळलं आसतं तर त्याच आल्या आसत्या भांडायला," तू म्हणालीस. "कळलं न्हाई म्हणून तर आपल्याला जायाचं."

पाचटाच्या कोप्यांपुढं, त्यांच्या त्या झोपड्यांपुढं, उभी राहून तू एकेकीला बाजूला घेत होतीस आणि तेच तेच सांगत होतीस. तुमच्या तपासणीचं आमच्याकडून चारचौघांत वाचलं गेलं, चूक माझी. एकीनं तुला उभं आडवं घेतलं, आख्ख्या फडाला ऐकू जाईल असं. तू मान खाली घालून ऐकलंस, तुला खाली मान घालता येते हे मला तिथं कळलं. एकजण म्हणाली, माझं नाव काढूनच टाक. तू तिथल्या तिथं, उन्हात फोनवर हाताची सावली धरून, ते काढलंस आणि तिला दाखवलंस. आणि एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "आजवर दवाखान्यातून कुणी सांगाया आलं न्हाई, कुठूनच न्हाई. मंग तूच कावून आलीस, माय?" तुला उत्तर न सुचल्याचं मी त्या दिवशी पाहिलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

निघताना तीच म्हातारी म्हणाली, "पोटातलं हाय वो ताई ते. पोटातच ऱ्हाऊ द्या."

जीपमध्ये तू बाहेर बघत बसलीस. मला वाटलं थकलीस. एका वळणावर ड्रायव्हरला ओरडून थांबवलंस आणि माझ्याकडं वळून म्हणालीस, "बाई, सापडलं!" ड्रायव्हर बिचारा खाली उतरून चाक बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी तू साहेबांचे चारही कप्पे मोडलेस आणि तीन केलेस. गावातलं, हापिसातलं, पोटातलं. शिबिर कधी आहे, कुठं आहे, ते गावातलं, कुणीही बघावं. डिझेल, रजा, मांडववाल्या मामाचा नंबर, ते हापिसातलं. आणि बाईच्या शरीराचं, तिच्या घरातल्या मारहाणीचं, तिच्या लेकरांच्या आजाराचं, जे काही तिनं विश्वासानं सांगितलं, ते पोटातलं. त्याची किल्ली दोघींकडंच, तू आणि मी, आणि उघडलं तर कुणी उघडलं याची नोंद आपोआप. पोरींना तू एवढंच सांगितलंस, की एखादी गोष्ट पारावर कुणी मोठ्यानं वाचली तर कुणाची मान खाली जाईल का, ते मनात बघा आणि मग कप्पा ठरवा. त्यानंतर चुकीच्या कप्प्यात काही गेलं नाही. मांडववाल्या मामाचा नंबरही आपल्या जागी गेला.

मी म्हटलं होतं, संस्थेच्या धोरणात 'पोटातलं' असा शब्द चालतो का, लोक हसतील. शाळेत इतकी वर्षं शुद्धलेखन तपासलं त्याचा तो गुण. तू मंजुरीला ठेवलंस. आण्णांनी चष्मा लावून वाचलं, हसले, आणि म्हणाले, "आमच्या आईचा शब्द हाय हा." मग हात वर केला. हात वर करताना त्यांना ठाऊक होतं की या कप्प्याची किल्ली अध्यक्षालाही नाही. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते तुला वाईट दिसतील. तसे ते नाहीत.

आपलं शेवटचं भांडण राहूनच गेलं, शकू. 'जिम्मा कुणाचा' या रकान्यात तू प्रत्येक ओळीपुढं माणसाचं नाव लिहायचीस, आणि माझं म्हणणं होतं, पद लिही. सगळीकडं पदच लिहितात. माणसं बदलतात, सोडून जातात.

"पदाला हाक मारली तर कोण ओ देतंय?" तू म्हणायचीस.

"अन् माणूस मेलं तर?"

"तर दुसरं माणूस टाका. पण माणूसच टाका, बाई."

आपण हे कितीदा बोललो असू! तुझ्या शेवटच्या आठवड्यातही बोललो, चहा पिता पिता, आणि तू "उद्या बोलू" म्हणून पिशवी उचललीस. तो उद्या काही आला नाही.

तुझी किल्ली काढल्यावर तुझ्या नावाच्या ओळी रिकाम्या पडल्या. पोटातल्या कप्प्याचा जिम्मा तुझ्या नावावर होता. मी तिथं टाईप केलं, 'समन्वयक'. टाईप करताना मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की खुर्चीतून उठावं लागलं. समोर भांडायला कुणी नव्हतं.

काल तेराव्याचं जेवण उठल्यावर आण्णांनी मला बाजूला घेतलं. डोळे ओले होते त्यांचे, खोटं बोलत नाही. "शकुंतलाच्या नावानं एक मोठा कार्यक्रम घेऊ," म्हणाले. "ऑपरेशन झालेल्या बायांना साडी-चोळी करू, स्टेजवर बोलावून, नाव घेऊन. ती त्यांच्यासाठीच झिजली. यादी तेवढी काढून द्या."

"ते पोटातलं हाय, आण्णा."

"मला ठाव हाय ते. म्या हात वर केलता. पण जिम्मा कुणाचा हाय तितं?"

"समन्वयकाचा," मी म्हणाले.

"समन्वयक म्हंजी कोण? ती जागा तर रिकामी हाय." ते समजुतीच्या सुरात बोलत होते, लहान बहिणीला सांगावं तसं. "अन् रिकाम्या जागेचा कारभार अध्यक्षाकडं येतो, आपल्या घटनेतच हाय बाई. म्या सकाळी येतो."

घटनेत आहे तसं, मीच टाईप केलेली घटना आहे ती. नियमानं बोलणाऱ्या माणसाला नियमानंच अडवलं की काय होतं ते मला कळलं, आणि तू का हट्ट धरत होतीस तेही कळलं. पण कळणं वेगळं आणि आण्णांसमोर उभं राहणं वेगळं. तुझ्यासारखा फोन हिसकावून घेणारा हात मला देवानं दिलेला नाही. मी बत्तीस पोरांचा वर्ग गप्प करू शकते, पण अध्यक्षांपुढं माझा आवाज बारीक होतो.

आज सकाळी ते आले. चहा मागवला, तुझ्या फोटोला हार घातला, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. एवढ्यात दारातून एक बाई आत आली. तेलगावकडची, आपल्या शिबिरासाठी नाव द्यायला पहिल्यांदाच आलेली, दसऱ्यानंतर टोळीबरोबर जाणार होती. मनीषानं तिला कागद करायला माझ्याकडं पाठवलं होतं. ती बसली नाही. पदर सावरून उभीच राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"तपासणी करीन म्या. पर आधी सांगा, माजं पोटातलं कुणापाशी राहील?"

मी पेन खाली ठेवलं. "हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"टोळीतल्या बायांनी. म्हणल्या, कुटंबी तपासाय गेलीस की पैलं हे इचार. दवाखान्यात इचार, सरकारी मानसाला इचार. न सांगंल त्याच्याकडं कपडे काढू नको म्हणल्या."

शकू, तुला सांगू कसं मला काय झालं? ती तुला कधी भेटलेली नव्हती. भिंतीवरच्या हारातला फोटो कुणाचा, हेही तिला ठाऊक नव्हतं. तू त्या फडात मान खाली घालून जे बोललीस ते बायांनी कोपीकोपीतून पुढं नेलं होतं, तुझं नाव गळून गेलं होतं आणि प्रश्न तेवढा राहिला होता. वर्गातली पोरगी बोर्डात आली तरी मला असं झालं नव्हतं.

"संस्थेपाशी राहील, काळजी करू नको," आण्णा मधेच म्हणाले. प्रेमानंच म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. "संस्था म्हंजी कोण?"

"समन्वयक..." माझ्या तोंडून निघालं.

"ते कोण?"

आण्णा माझ्याकडं बघत होते. काल त्यांनी मला विचारलं होतं ते हेच होतं, शब्दसुद्धा तेच. पण त्यांनी विचारलं तेव्हा मला घटना आठवली होती, आणि हिनं विचारलं तेव्हा मला माझ्या नावाशिवाय दुसरं काही आठवेना.

"माझ्यापाशी," मी म्हणाले. "माझ्यापाशी राहील. कुणालाबी द्यायची न्हाई मी. ह्यांनाबी न्हाई."

आवाज बारीक निघाला नाही. आण्णांचा कप हातातच राहिला.

"तुमचं नाव काय?" तिनं विचारलं.

मी कॉम्प्युटर तिच्याकडं आणि आण्णांकडं फिरवला, 'समन्वयक' खोडलं आणि दोघांच्या देखत टाईप केलं, मोठ्यानं बोलत बोलत. सुनंदा भानुदास जगताप. तिला वाचता येतं की नाही ते मी विचारलं नाही. तिनं पडद्याकडं बघून घेतलं, कमरेचा फोन काढला आणि कुणाला तरी लावला. आण्णांनी कप खाली ठेवला, उठले, फोटोपुढं क्षणभर थांबले आणि यादीचं नाव न काढता बाहेर पडले. ती फोनवर बोलत होती.

"हां, इचारलं," ती म्हणत होती. "व्हय. मानूस हाय. सुनंदा नाव हाय तिचं."